वीतभर उंचीची झर : सत्तरीतल्या एका वाड्याचं प्रकरण

माझ्या मावशीच्या वाड्यात आषाढात भिंतींना ओल सुटते आणि कपडे चुलीच्या धगीवर वाळवावे लागतात. त्याच वाड्यात सलग तीन वर्षं एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागला. शेवटचा चढ टँकरला चढवत नसे. तो खाली वळणावर थांबायचा आणि बायका रिकाम्या कळशा घेऊन उतरायच्या, भरलेल्या घेऊन चढायच्या. हे का झालं आणि त्यातलं किती सुधारलं, याची ही हकीकत आहे. मी भूगोल शिकवते. या प्रकरणात एका टप्प्यावर मीही भलत्याच माणसाकडे बोट दाखवलं, तेही खाली लिहिलं आहे. वाड्याचं नाव लिहायचं नाही असं वाड्यातल्या लोकांशी ठरलं आहे, म्हणून ते दिलेलं नाही.

वाडा गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या ईशान्य कडेला आहे, चोर्ला घाटाच्या बाजूला, सह्याद्रीच्या माथ्यावर. तीसेक घरं. सपाटीवर पावसाळी भात, उतारावर नाचणी आणि वरी, त्याखाली काजू, आणि घळीत सुपारी, केळी, मिरी यांची कुळागरं. बाजाराला काही जण वाळपईला उतरतात, काही घाटरस्त्याने बेळगावकडे जातात. सभोवतालचं रान म्हादई अभयारण्याचं. ते १९९९ साली जाहीर झालं, क्षेत्र २०८ चौरस किलोमीटर. वाडा त्याच्या कितीतरी आधीचा, पण तेव्हापासून इथे कुदळ मारायची तरी आधी कागद लागतो.

पायाखालचा दगड

गोव्याचा बहुतेक दगड फार जुना, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा. डिचोली-सांग्याच्या लोहखनिजाचे पट्टे त्यातलेच. पण राज्याच्या ईशान्य टोकाला, या माथ्यावर, बेसॉल्टची एक चिंचोळी किनार आहे. महाराष्ट्रभर पसरलेल्या दख्खनच्या लाव्हाची ती अगदी शेवटची कड. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा एकामागून एक थरांनी वाहत आला आणि थिजला. आज उरलेला त्याचा पसारा ५ लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे, आणि मावशीचं परसू त्याच्या काठावर.

इथल्या पाण्याची सगळी गोष्ट या थरांत आहे, म्हणून जरा थांबून सांगते. एक लाव्हा थिजला की पुढचा येईपर्यंत कधी कधी पुष्कळ काळ जाई. तेवढ्यात वरचा पृष्ठभाग झिजून त्याची माती होई. मग तिच्यावर नवा तप्त लाव्हा येऊन बसे आणि ती भाजल्यासारखी लाल होई. घाटातल्या कड्यांवर काळ्या दगडांच्या मधे विटकरी रंगाची आडवी रेघ दिसते, ती हीच. ही लाल माती चिकट असते आणि पाणी सहजी खाली सोडत नाही. तिच्या वरचा बेसॉल्ट मात्र तडकलेला आणि भेगाळ. सगळ्यांत वर जांभा, म्हणजे आपल्या घरांचे चिरे ज्याचे निघतात तो दगड. तो याच खडकांच्या कुजण्यातून झालेला, भोकाभोकांचा.

पाऊस सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या जांभ्याच्या सपाटीवर, पडला की जांभ्यातून झिरपतो, बेसॉल्टच्या भेगांतून उतरतो आणि लाल थरावर येऊन अडतो. खाली वाट नाही म्हणून तो थराच्या उताराने आडवा सरकत जातो. डोंगराच्या कुशीत जिथे हा थर उघडा पडतो तिथे झर फुटते. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटमाथ्यावर त्याहून अधिक. तरीही इथल्या डोंगराच्या पोटात साठा थोडाच राहतो, कारण साठवणारा थर पातळ आहे आणि तिन्ही बाजूंना कडा तुटलेला. ऑक्टोबरात पाऊस गेला की हा डोंगर रोज थोडा थोडा रिकामा होत जातो. उन्हाळ्यात हाती येणारं पाणी म्हणजे त्या रिकामं होण्याचा शेवटचा भाग.

झर

वाड्याची झर देवाच्या राईखाली होती. राईत सातेरी देवीचं ठाणं आहे. सातेरीचं रूप म्हणजे वारूळ, गोव्यात आपण त्याला रोयण म्हणतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत जमिनीतल्या पाण्याच्या खुणा सांगितल्या, त्यात वारूळही आहे. आमच्या वाड्यात ते कुणी वाचलेलं नव्हतं. पण राईतलं वाळलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही हा नेम होता आणि झर राईच्या पायथ्याशी होती. मला यात योगायोग वाटत नाही.

पाणी एका दगडाच्या कपारीतून तीन जागी फुटायचं आणि दगडी डोणीत पडायचं. पिण्याचं आधी, डोणीबाहेर सांडलेलं गुरांना, त्याखालचं पाटाने कुळागरांना. कुळागरांच्या पाळ्या ठरलेल्या. मोजायचं मापही होतं. धालो म्हणजे बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव; त्याच्या मांडावर म्हणतात त्यातली एक ओवी सावकाश म्हणायची. पौषात एका ओवीत कळशी भरायची, चैत्रात दोन ओव्या लागायच्या. मावशीने हे मला सहज बोलता बोलता सांगितलं आणि मी ते वहीत उतरून घेतलं, कारण या झरीची जुनी मोजणी म्हणून एवढंच हाती होतं.

मावशीच्या लहानपणी डोणीवर वाकूनच पाणी घ्यावं लागे. वाकून भरलेली कळशी उचलताना कंबर धरायची. सहा वर्षांपूर्वी एका सरकारी योजनेतून झरीचं काम मंजूर झालं, तेव्हा बायकांनीच एक मागणी केली. नळ असा बसवा की हंडा खाली ठेवून उभ्या-उभ्या भरता येईल. मागणी अगदी रास्त होती, आणि पुढे जे झालं त्याचा दोष तिच्यावर टाकायची कुणाची प्राज्ञा नाही.

कंत्राटदाराने कपारीसमोरचे दगड काढले, खाली काँक्रीटचा थर घातला, चारी बाजूंनी भिंती उभारून पेटी केली. वर स्लॅब, पुढे पाईप आणि नळ. डोणी उचलून बाजूला ठेवली. पहिल्या पावसाळ्यानंतर नळाला भरपूर पाणी आलं आणि सगळे खूश झाले. दुसऱ्या पौषात कळशीला तीन ओव्या लागल्या. तिसऱ्या वर्षी शिगम्यापर्यंत नळ ठिबकायला लागला आणि गुढीपाडव्याला तोही थांबला. त्याच चैत्रात पहिला टँकर आला.

चार कारणं

मी गेले तेव्हा वाड्यात चार कारणं बोलली जात होती.

पहिलं, पाऊस कमी झाला. हे टिकणारं नव्हतं. २०२१ च्या जुलैत म्हादईला आलेला पूर सत्तरी विसरलेली नाही, आणि २०२४ चा पावसाळा गोव्यात नेहमीपेक्षा खूपच मोठा होता. पाऊस दणक्यात पडून वाहून गेला तर झिरपतो कमी, हे खरं. पण शेजारच्या घळीतली लहान झर त्याच वर्षांत पूर्वीसारखीच चालत होती.

दुसरं, देवीचा कोप. पेटीसाठी खणताना राईतल्या झाडाचं मूळ तोडलं होतं. तिसरं, वरच्या उतारावर जुनं रान जाऊन काजू आले. यात तथ्य असू शकतं, पण काजू येऊन वीस वर्षं झाली होती आणि झर दोन वर्षांत आटली.

चौथं, रस्त्याकडेच्या नव्या घराची बोअर. मला हेच पटलं. घर वरच्या अंगाला, बोअर खोल, पंप रोज चालणारा. मी वाड्याच्या बैठकीत फळ्यावर आकृती काढली. बोअरने लाल थर फोडला असेल तर वरचं पाणी त्या भोकातून खाली जात असणार, असं सांगितलं. २००२ च्या भूजल नियमन कायद्याची आठवणही करून दिली. ते काका, ज्यांची बोअर, शेवटच्या रांगेत बसले होते. ते उठले आणि म्हणाले, "बाय, आठ दिवस पंप बंद ठेवतो. तू बघ."

त्यांनी आठ नाही, बारा दिवस ठेवला, आणि स्वतःच्या घरचं पाणी टँकरवरून आणलं. झरीवर काडीचा फरक पडला नाही. नंतर त्यांनी बोअरचे कागद दाखवले. परवानगी होती आणि लाल थराच्या बऱ्याच खालपर्यंत केसिंग, म्हणजे भोकाला आतून बसवायची बंद नळी, उतरवलेलं होतं. पुढच्या बैठकीत मी त्यांची सर्वांसमोर माफी मागितली. पण त्या बारा दिवसांत त्यांच्या घराकडे कुणी बोललं नाही, ते माझ्यामुळे. आकृती काढण्याआधी मी झरीपाशी एक दिवस घालवायला हवा होता.

लेव्हल पाईप

तो दिवस मग फेब्रुवारीच्या अखेरीस घालवला. मावशी, तिची सून, वाड्यातला एक गवंडी आणि मी. पेटीपासून दक्षिणेला वीस-पंचवीस पावलांवर, थोडं खाली, रानटी अळवाचं हिरवंगार बेट दिसलं. भोवतालचं गवत वाळून पिवळं पडलेलं आणि अळवाची पानं थाळीएवढी. खाली चिखल, चिखलात गव्यांचे खूर. सून म्हणाली, "इथे आम्ही लहानपणी कधी ओल बघितली नाही." हात घातला तर पाणी गार आणि सरकतं होतं.

झर आटलेली नव्हतीच. तिने वाट बदलली होती.

का बदलली ते गवंड्याने शोधलं. त्याने लेव्हल पाईप आणला. पाण्याने भरलेली ती पारदर्शक नळी प्रत्येक गवंड्याकडे असते. कपारीच्या दगडावर, पेटीच्या भिंतीबाहेर उरलेल्या भागात, शेवाळाची जुनी रेघ होती. मूळ पाणी तिथून फुटायचं. नळीचं एक टोक त्या रेघेला, दुसरं नळाच्या पाईपला. पाईप रेघेच्या वीतभर वर निघाला. उभ्याने हंडा भरता यावा म्हणून तो वर घेतला होता.

एका वितीने काय होतं? पेटी वीतभर भरल्याशिवाय पाईपातून थेंब येणार नाही. म्हणजे डोंगरातून येणाऱ्या पाण्यावर आता कायमचं वीतभर पाण्याचं ओझं आलं. पावसाळ्यानंतर मागचा दाब मोठा असतो, तेव्हा ते ओझं जाणवत नाही. म्हणूनच पहिलं वर्ष मजेत गेलं. दाब उतरला की पाणी सोपी वाट शोधतं. लाल थर सलग पसरलेला आणि वरच्या दगडात भेगा पुष्कळ, तेव्हा वाट शोधायला लांब जावं लागलं नाही. त्यात पेटीच्या पायाच्या काँक्रीटने तीनपैकी दोन तोंडं बुजवली होती. भेगेतून पाणी एकदा वाहायला लागलं की ते आतली माती धुऊन भेग मोठी करतं. त्यामुळे दर वर्षी अळवाकडे जास्त आणि नळाकडे कमी.

मला याचा राग येतो, कारण हे टाळायला पैसे लागत नव्हते. खणण्याआधी पाण्याच्या रेघेला खडूची खूण आणि लेव्हल पाईप, अर्ध्या तासाचं काम. ज्या गवंड्याने चूक शोधली तो पेटी बांधताना तिथे मजुरीला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

कौल आणि कागद

पेटी फोडायची तर दोन परवानग्या हव्या होत्या, देवीची आणि सरकारची.

देवीकडे कौल लावला. पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि उजवी पाकळी पडेपर्यंत सगळा वाडा राईबाहेर उभा राहिला. मी हे बाजूला ठेवण्यासारखं मानत नाही. कौलाआधी वाड्यात दोन तट होते. सरकारी बांधकाम फोडलं तर पुढे काहीच मिळणार नाही, असं अर्ध्यांना वाटत होतं. कौल झाल्यावर तो वाद कुणी काढला नाही. बोअरवाल्या काकांना पहिला नारळ फोडायला पुढे बोलावलं, तेही तिथेच.

कागदाला वेळ लागला. राई अभयारण्याच्या हद्दीत, त्यामुळे पंचायतीचा ठराव पुरेसा नव्हता, वन खात्याची संमती लागली. त्यात २०२३ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादईचा परिसर व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हापासून वन खात्याच्या कागदावर सही करायची म्हटलं की लोकांना विस्थापनाची भीती वाटते. ज्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या कुळागर आहे तिचा उतारा आपल्या नावावर नाही, ही सत्तरीतल्या अनेक घरांची जुनी जखम. झरीच्या अर्जावर सही केली तर उद्या जमिनीचा हक्क सोडला असं तर होणार नाही ना, हे एका आजोबांनी मला तीन वेळा विचारलं. अर्जातलं प्रत्येक वाक्य मराठीत मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी अंगठा दिला. यात एक अख्खा उन्हाळा गेला आणि टँकर आणखी एक वर्ष आला.

काम

काम चार दिवसांचं. पेटीची कपारीकडची बाजू आणि तळाचं काँक्रीट छिन्नी-हातोड्याने काढलं. यंत्र लावलं नाही, हादऱ्याने भेगा वाढतील म्हणून. बुजलेली दोन तोंडं मोकळी झाली तेव्हा पहिल्यांदा लाल गढूळ पाणी आलं आणि तासाभराने निवळलं. कपारीसमोर मोठे दगड, त्यापुढे लहान, मग खडी, असे सुके रचले. सिमेंट कुठेही नाही. वरचा स्लॅब पाला पडू नये म्हणून ठेवला. पाईप शेवाळाच्या रेघेच्या दोन बोटं खाली बसवला.

मग हंड्याचा प्रश्न आला, कारण आता परत वाकावं लागणार होतं. मावशी म्हणाली, "नळ वर जाणार नाही तर आम्ही खाली जाऊ." नळासमोरची जागा दोन पायऱ्या खोल खणली, चिऱ्यांनी बांधली, सांडणाऱ्या पाण्याला पाटाकडे उतार दिला. हंडा खालच्या पायरीवर बसतो आणि बाई ताठ उभी राहते. सहा वर्षांपूर्वी हेच सुचलं असतं तर.

वर सड्यावर एक सोडून दिलेली लहान चिरेखण होती, कचऱ्याने भरलेली. ती मुलांनी साफ केली, पावसाचं पाणी तिथे थांबून जिरावं म्हणून. सड्याच्या गवताला उन्हाळ्यात आग लावायची नाही असंही ठरलं. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात लागलेल्या आगी सगळ्यांनी पाहिल्या होत्या, त्यामुळे हे पटवावं लागलं नाही. या दोन गोष्टींचा झरीवर किती परिणाम होईल ते कळायला अजून बरेच पावसाळे जावे लागतील.

गवे

पाणी नळाकडे परतलं तसं अळवाचं बेट सुकायला लागलं. पाच वर्षं गवे तिथे पाणी प्यायला येत होते, हे आमच्यापैकी कुणीच हिशेबात धरलं नव्हतं. फेब्रुवारीत कळप खाली उतरला आणि एका रात्रीत अळसांद्याची (चवळीची) दोन शेतं साफ झाली. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर घेतलेलं ते पीक, घरटी दोन-चार पायल्यांचं, पण हाती पैसा देणारं. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, त्याला कुणी हात लावणार नाही. ज्यांचं शेत गेलं त्यांनी बैठकीत विचारलं, पेटी फोडून आम्हाला काय मिळालं? ते कुळागरवाले नव्हते आणि त्यांचं घरही झरीपासून लांब. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर काकांनी काढलं. नळाचं सांडणारं पाणी रात्री पाटाला सोडायचं नाही, अर्धा इंची पाईपने जुन्या चिखलाच्या जागी सोडायचं. तिथे दगड लावून उथळ डबकं केलं. कुळागरवाल्यांनी आपल्या रात्रीच्या पाळ्या सोडल्या. त्यासाठी दोन बैठका आणि बरंच भांडण झालं. डबकं झाल्यापासून गवे शेतात आले नाहीत असं नाही, पण कळपाने आलेले नाहीत.

झर पूर्वीसारखी झालेली नाही. चैत्रात दोन ओव्यांच्या जागी तीन लागतात. डोंगरातली जी भेग धुऊन मोठी झाली ती आता मिटणार नाही, थोडं पाणी तिकडून जातच राहणार. खालच्या दोन कुळागरांतली सुपारी त्या कोरड्या वर्षांत जळाली. तिथे आता केळी लावली आहे, ती जगेल असं मावशीला वाटतं. या वर्षी टँकर मात्र आला नाही.

मोजणी चालू आहे. दर रविवारी सकाळी सून कळशी लावते, मावशी ओवी म्हणते आणि नात वहीत लिहिते. मृगाच्या आदल्या रविवारची नोंद अशी : एक कळशी, चार ओव्या. तिच्याखाली मावशीने आणखी एक ओळ लिहून घेतली आहे : रात्री डबक्यावर गवे, वासरासकट.